तासाला दीडशे उल्का, आणि आपल्याला सहाच का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला इंदिरानगरात राहतो. मिथुन उल्कावर्षाव बघायला २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं १४ डिसेंबरला मुलांना घेऊन गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. रात्री नऊ ते अकरा थांबलो, दोन्ही वेळा पाच-सहा उल्का दिसल्या. बातम्यांत मात्र ‘तासाला दीडशे’ असं होतं. जागा चुकली, वेळ चुकली, की टेलिस्कोप घ्यायला हवा? या डिसेंबरात, म्हणजे २०२६ ला, कुठे जावं?

टेलिस्कोपचा खर्च वाचवा. उल्का आकाशात कुठेही, बहुतेक वेळा सेकंदभरच दिसते, आणि टेलिस्कोपमधून दिसतो तो आकाशाचा चंद्राएवढा किंवा त्याहून थोडा मोठा तुकडा. नेमकी त्याच तुकड्यातून उल्का जाईल म्हणून बसून राहिलात तर उजाडेल. या कामाला उघड्या डोळ्यांइतकं रुंद साधन दुसरं नाही. बाकी जागा, वेळ आणि जागेवर पोचल्यावर आपण काय करतो, या तिन्हींत तुमच्या उल्का थोड्याथोड्या गळल्या. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गळती तिसऱ्यात होते. लोक अंधार शोधत पन्नास-साठ किलोमीटर जातात आणि उजेड सोबत घेऊन जातात. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

आधी त्या दीडशेचा हिशेब. आकडा खोटा नाही, फक्त तो सगळ्या अटी जुळून आल्यावरचा आहे. वर्षाव शिगेला आहे, उल्का जिथून येताना भासतात तो उगमबिंदू बरोबर डोक्यावर आहे, आणि साडेसहा प्रतीपर्यंतचे तारे दिसतील इतकं काळं आकाश आहे, तर एका माणसाला तासाभरात किती उल्का दिसतील? याचं उत्तर मिथुन वर्षावासाठी १२० ते १५० असं येतं. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची पायरी, आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) यातली एकेक अट ढिली झाली की भागाकार सुरू होतो. उगमबिंदू क्षितिजापासून तीस अंशांवरच असला तर निम्म्या उल्का तिथेच गेल्या. आकाशाची प्रत एका पायरीने घसरली, म्हणजे साडेसहाऐवजी साडेपाचपर्यंतचेच तारे दिसायला लागले, तर उरलेल्यांना सुमारे २.६ ने भागायचं. आणखी एक पायरी घसरली की पुन्हा २.६ ने.

आता तुमची रात्र घ्या. नाशिकहून रात्री दहाला मिथुनचा उगमबिंदू जेमतेम तीस अंशांवर असतो. दीडशेचे झाले ७२. धरणाच्या काठावर, एका बाजूला शहराचा उजेड असताना साडेचार प्रतीपर्यंतचे तारे दिसले असं धरलं, तरी दोन पायऱ्या घसरल्या. ७२ चे झाले अकरा. तेही तासभर एकदाही मान खाली न घालता. थर्मास उघडणं, मुलांना स्वेटर घालणं, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पोचलो’ टाकणं हे सगळं त्यातून वजा करा. म्हणजे पाच-सहा हा आकडा हिशेबाला धरूनच आहे, तुमच्या नशिबाचा त्यात काही दोष नाही.

शिवाय २०२४ ला १४ डिसेंबरला दत्तजयंती होती. जवळजवळ पूर्ण चंद्र रात्रभर आकाशात. अशा रात्री सुरगाण्याच्या जंगलात जाऊन बसलात तरी शहरातल्यासारखंच आकाश मिळतं. २०२५ ची गोष्ट उलटी होती. वद्य पक्षातला चंद्र मध्यरात्र उलटून बराच वेळ गेल्यावर उगवला, म्हणजे अकरा ते दीड हा वेळ उत्तम होता, आणि तुम्ही अकराला गाडी काढलीत.

उल्कावर्षाव ठरवताना मी बातमी बघत नाही, कालनिर्णय बघतो. तिथी कळली की चंद्राचं कळलं, आणि चंद्राचं कळलं की जायचं की नाही ते ठरलं. २०२६ मध्ये ९ डिसेंबरला सकाळी अमावस्या संपते. १३ ला चंद्र रात्री दहाच्या सुमारास मावळेल, १४ ला त्यानंतर पाऊणेक तासाने. त्यापुढे थेट पहाटेपर्यंत आकाश तुमचं. वर्षावाचं शिखर भारतीय वेळेनुसार १४ च्या संध्याकाळच्या आसपास येतं, त्यामुळे १३ ची आणि १४ ची अशा दोन्ही रात्री कामाच्या आहेत. एकच निवडायची झाली तर मी १४ ची घेईन. मिथुन वर्षावात शिखर उलटताना मोठे कण जास्त भेटतात, म्हणजे ठसठशीत उल्का जास्त. तेरा तारखेला रविवार आहे, चौदाला सोमवार. मुलांची दुसऱ्या दिवशीची शाळा दोन्ही बाबतीत बुडणार, ते आधीच मान्य करून टाका.

घड्याळाचं गणित नाशिकपुरतं सांगतो. मिथुन राशीतले दोन ठळक तारे म्हणजे आपलं पुनर्वसू नक्षत्र. त्यातल्या उत्तरेकडच्या ताऱ्याजवळ उगमबिंदू आहे. डिसेंबरच्या मध्यावर तो संध्याकाळी साडेसात-पावणेआठला ईशान्येला उगवतो. नऊला पंधरा-सोळा अंशांवर, अकराला चाळीसवर, बाराला पन्नासच्या पुढे, आणि रात्री अडीचला सर्वांत वर, सत्याहत्तर अंशांवर म्हणजे जवळपास डोक्यावर. पहाटे पाचलाही तो पन्नासच्या वरच असतो. साडेपाच-पावणेसहापासून पूर्वेला फटफटायला लागतं. म्हणून जागायचं ते अकरा ते पाच. सगळे तास झेपणार नसतील तर एक ते चार घ्या, आणि मुलांना जेवण झालं की सातलाच झोपवून मध्यरात्री उठवा. ‘जागत राहू’ म्हणणारी मुलं साडेअकराला गाडीत गाढ झोपतात, हे तुम्हाला सांगायला नको.

नऊच्या आधीची वेळ अगदीच टाकाऊ आहे असं मात्र नाही. उगमबिंदू क्षितिजाला टेकलेला असताना कण वातावरणात अगदी तिरके घुसतात, जवळजवळ घासून जातात. अशी उल्का क्वचित दिसते, पण दिसली तर ईशान्येपासून पार नैऋत्येकडे, अर्धं आकाश कापत, तीन-चार सेकंद सावकाश जाते. मध्यरात्रीनंतरच्या पन्नास आखूड रेघांपेक्षा अशी एक लांब उल्का लहान मुलांच्या जास्त लक्षात राहते.

आता अंधाराबद्दल. डोळ्याची बाहुली मिनिटभरात मोठी होते, पण खरा अंधारातला डोळा तयार होतो तो पडद्यावरच्या दंडपेशींत (मंद उजेडात बघणाऱ्या पेशींत) ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा साठल्यावर, आणि त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. पूर्ण व्हायला आणखी थोडी. ते साठलेलं रंगद्रव्य मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनकडे एकदा बघितलं की उडतं, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. दर पंधरा मिनिटांनी मोबाइल बघणारा माणूस रात्रभर अंधारात बसूनही अंधारात नसतोच. दहा जणांच्या घोळक्यात असा एक पुरतो, कारण स्क्रीन त्याची असली तरी उजेड सगळ्यांच्या डोळ्यांत जातो.

मोबाइलचं निदान लक्षात तरी येतं. लक्षात न येणारं म्हणजे गाडी. दार उघडलं की छतावरचा दिवा लागतो. रिमोटने लॉक केली की चारही इंडिकेटर उघडझाप करतात. डिकी उघडली की तिथला वेगळा दिवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही हेडलाइट अर्धा-एक मिनिट तसाच राहतो. म्हणून पोचल्याबरोबर, आकाशाकडे बघायच्याही आधी, मी हे करतो: छतावरचा दिवा स्विचने कायमचा बंद, डिकीच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी, लागणारं सगळं सामान एकदमच बाहेर, गाडी किल्लीने लॉक. मग पहाटेपर्यंत तिला हात लावायचा नाही. दुचाकीवाल्यांची अडचण वेगळी. २०१७ पासून नव्या दुचाक्यांना इंजिन सुरू असेपर्यंत हेडलाइट बंद करायची सोयच नाही. तेव्हा दुचाकी बसायच्या जागेपासून लांब, झाडाच्या किंवा घराच्या आडोशाला लावा, आणि कुणी मध्येच निघणार असेल तर त्याने गाडी ढकलत रस्त्यापर्यंत न्यावी. ऐकायला अतिरेक वाटतो. पण रात्री दोन वाजता, चांगलं चाललेलं असताना कुणीतरी स्कूटर सुरू केली की पुढची वीस मिनिटं सगळ्यांचीच जातात.

उजेड लागलाच तर लाल. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद दोन-तीन घड्या करून रबरबँडने बांधा, आणि तीही जमिनीकडेच धरा. लाल प्रकाशाने दंडपेशी फारशा बिथरत नाहीत.

आकाश पुरेसं काळं आहे का, हे अ‍ॅपपेक्षा ताऱ्यांनाच विचारा. कृत्तिकांचा पुंजका बघा. शहराच्या कडेला त्यात पाच-सहा तारे दिसतात. डोळे सरावल्यावर आठ-नऊ मोजता आले तर जागा उत्तम. दुसरी परीक्षा पुष्य नक्षत्राची. पुनर्वसूच्या खाली, पूर्वेला, कर्क राशीत एक धुरकट ठिपका आहे, खरं तर तो तारकापुंज आहे. शहरातून तो दिसत नाही. अकरा-बाराला तो सहज दिसला तर गोधड्या अंथरा. दिसत नसेल तर आणखी दहा-पंधरा किलोमीटर पुढे जाण्यात फायदा आहे.

कुठे जायचं? नाशिककर सवयीने तीन ठिकाणी जातात: गंगापूर धरण, अंजनेरी-त्र्यंबक, आणि इगतपुरी-भंडारदरा. गंगापूर धरण शहराला चिकटलेलं आहे, सातपूरचे दिवे पाण्यावरून येतात. त्र्यंबक रस्त्यावर रिसॉर्ट आणि हॉटेलांचे झगमगाट वाढत चाललेत, त्यात आता सिंहस्थ. इगतपुरीला महामार्ग, समृद्धी आणि मुंबईकडची लाली. भंडारदऱ्याचं आकाश चांगलं आहे, पण डोंगर आडवे येतात, आणि थंडीतले तंबू, त्यांच्यावरच्या दिव्यांच्या माळा आणि स्पीकर हे सगळं वर्षावासोबत फुकट मिळतं.

मी उत्तरेला आणि वायव्येला जा म्हणेन. कारण साधं आहे. मिथुनचा उगमबिंदू नाशिकच्या अक्षांशावरून उत्तरेच्या बाजूनेच वर चढतो आणि मध्यरात्रीनंतर डोक्याच्या किंचित उत्तरेला येतो. शहराच्या दक्षिणेला, म्हणजे सिन्नरकडे गेलात तर उत्तरेचं आकाश नाशिकच्याच उजेडाने खाल्लेलं असतं. उत्तरेला गेलात तर तो उजेड पाठीला राहतो. पेठ, सुरगाणा, कळवणचा अभोण्याकडचा भाग आणि बागलाणचा साल्हेर-मुल्हेरकडचा पट्टा ही जिल्ह्यातली काळी आकाशं. पेठ सर्वांत जवळ, पन्नासेक किलोमीटर, पण सावळघाटात अगदी दरीत थांबू नका. चहूबाजूंनी डोंगर असले की आकाश ताटाएवढंच उरतं. सुरगाण्याकडे हतगडच्या पठारावर आकाश मोकळं मिळतं, फक्त सापुताऱ्याचे दिवे नजरेआड होतील अशी बाजू धरा. निफाड-पिंपळगावचा द्राक्षपट्टा जवळचा वाटतो, पण डिसेंबरात तिथे गोदाकाठचं धुकं असतं, आणि पारा फार उतरला की बागा वाचवायला शेतकरी रात्रभर शेकोट्या करतात. त्यांचं बरोबरच आहे, वर्षाचं पीक असतं ते; धुरातून तारे बघायला आपण तिथे जाऊ नये इतकंच.

‘पॉइंट’ शोधण्यापेक्षा माणूस शोधा. नाशिकमधल्या दर चार घरांमागे एकाचा कुणीतरी मामा, मेहुणा, जुना वर्गमित्र किंवा ऑफिसातला सहकारी कळवण-सुरगाण्याकडचा निघतोच. त्याच्या मळ्यावरच्या घराची गच्ची, किंवा भात-नागली झोडून झालेलं खळं यासारखी जागा कुठल्याही हिल स्टेशनला नाही. खळं मुद्दाम मोकळ्यावर, सपाट केलेलं आणि सारवलेलं असतं. त्यावर ताडपत्री टाकली की खडा टोचत नाही. घरधन्याला एकच विनंती करायची, अंगणातला एलईडी रात्रभर बंद ठेवा. शेजारच्या वस्तीवरही सांगून ठेवा. रात्रीच्या पाळीला वीज असली की लोक पिकाला पाणी द्यायला मोटर सुरू करायला बाहेर पडतात, आणि अनोळखी माणसं अंधारात आडवी पडलेली दिसली तर त्यांनी बॅटरीचा झोत टाकणं साहजिकच आहे.

ओळखीचं कुणीच नसेल तर दिवसाउजेडी जाऊन गावात भेटा. पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना सांगा: अमुक रात्री, इतकी माणसं, लहान मुलं सोबत, उल्का बघायला येतोय. रात्री रस्त्याकडेला दिवे विझवून उभ्या असलेल्या गाडीकडे गाव संशयाने बघतं, आणि चोऱ्यांच्या दिवसांत तो संशय वाढत जातो. आधी सांगितलेलं असलं की तीच माणसं चहा घेऊन येतात आणि बाज आणून देतात.

दुसरं बिबट्याचं. नाशिक जिल्ह्यात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उसाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, झुडपांना लागून बसू नका. मुलांना मधोमध ठेवा, लघवीला एकटं सोडू नका, घोळक्यापासून लांब कुणी झोपू नये. बिबट्या आपल्याला टाळतो, पण खाली वाकलेलं किंवा आडवं पडलेलं लहान मूल त्याला माणूस वाटेलच असं नाही. मी गच्चीवर इतका जोर देतो त्याचं हे खरं कारण आहे. गच्चीवर दवही जरा कमी लागतं.

थंडीचं शहरातल्या अंदाजाने ठरवू नका. निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, आणि उघड्या माळावर चार तास हालचाल न करता पडून राहणाऱ्याला बारा अंशही सहा वाटतात. खालून येणारी थंडी जास्त वाईट. सर्वांत खाली ताडपत्री, त्यावर जाड सतरंजी किंवा फोमची गादी, त्यावर गोधडी, आणि अंगावर दुसरी गोधडी किंवा घोंगडी. दोन जोड्या मोजे, कानटोपी. उशी हवीच, कारण उभं राहून मान वर करून बघणारा माणूस दहा मिनिटांत खाली बघायला लागतो. आडवं पडा. पाय ईशान्येला किंवा उत्तरेला, म्हणजे नजर आपोआप आकाशाच्या मधल्या उंचीवर येते.

नजर उगमबिंदूवर रोखू नका. मुसळधार पावसात गाडी चालवताना सगळे थेंब समोरच्या एकाच ठिकाणाहून फाकत येताना दिसतात, तसंच हे आहे. त्या ठिकाणाजवळच्या रेघा अगदी आखूड असतात आणि लांब रेघा बाजूला दिसतात. उगमबिंदूपासून चाळीस-पन्नास अंश बाजूला, जिथे आकाश सर्वांत काळं असेल तिथे सैल नजरेने बघत राहा. मंद उल्का डोळ्याच्या कोपऱ्यातच आधी पकडली जाते, कारण दंडपेशी तिथेच जास्त असतात. आणि उल्का रांगेने येत नाहीत. दोन मिनिटांत चार येतील, मग पाच मिनिटं काही नाही. लोक नेमके त्या पाच मिनिटांत ‘संपलं वाटतं’ म्हणून उठतात.

दिसलेली प्रत्येक रेघ मिथुनची नसते. रेघ मनाने मागे वाढवा. ती पुनर्वसूकडे गेली तर मिथुनची, नाही तर एरवीही रोज पडणारी भटकी उल्का. मिथुनच्या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात. ऐकायला हा वेग प्रचंड, पण नोव्हेंबरातल्या सिंह वर्षावाच्या उल्का ७१ ने येतात, त्यामानाने या निवांत. पिवळसर-पांढऱ्या, डोळ्यांना पुरेशा, आणि मागे धुराची रेघ क्वचितच सोडणाऱ्या. बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात. याचा जनक मात्र फेथॉन नावाचा, पाच-सहा किलोमीटर व्यासाचा खडकाळ लघुग्रह मानला जातो. १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला. दर १.४ वर्षांनी तो सूर्याभोवती फेरी मारतो आणि सूर्याजवळ जाताना बुधाच्याही कितीतरी आत शिरतो. कण टणक, म्हणून उल्का ठसठशीत. त्या साधारण शंभर किलोमीटर उंचीवर जळू लागतात. ईशान्येला, क्षितिज आणि डोकं यांच्या मधोमधपेक्षा थोडी खाली दिसलेली उल्का साधारण धुळ्याच्या आकाशात जळालेली असते. मुलांना हे सांगून बघा, नकाशा मागतात. ‘आपल्या अंगावर पडेल का’ हा प्रश्नही हमखास येतो. नाही पडत. वाळूच्या कणापासून वाटाण्याएवढे हे तुकडे, वरच संपतात.

विमान लुकलुकतं, उपग्रह एकसारख्या तेजाने मिनिटभर सरकत राहतो. आणि जळत जळत, तुकडे होत, अर्धं-एक मिनिट आडवं जाणारं काही दिसलं तर तो बहुतेक रॉकेटचा भाग असतो. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रभर लोकांनी असा प्रकार पाहिला आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी येऊन पडली. चिनी रॉकेटचे ते अवशेष होते. उल्का इतका वेळ टिकत नाही.

फोटोबद्दल थोडक्यात. कॅमेरा असेल तर रुंद कोनाची लेन्स, सर्वांत मोठं छिद्र, आयएसओ १६०० ते ३२००, पंधरा-वीस सेकंदांची उघडझाप सलग चालू ठेवा आणि स्क्रीन झाकून कॅमेऱ्याकडे पाठ फिरवा. शेकडो फोटोंत दोन-चार उल्का येतील. दोन तासांनी लेन्सवर दव साचतं, ते कापडाने पुसून बघा. मोबाइलवर नाइट मोड आणि स्टँड लावून जमतं, पण पहिल्याच वर्षी फोटोच्या मागे लागू नका.

मोजायचं असेल तर जरूर मोजा. दर अर्ध्या तासाला किती, त्यातल्या मिथुनच्या किती, कृत्तिकांत किती तारे दिसले, ढग किती. वही न उघडता मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून स्क्रीन बंद ठेवा आणि ‘एक, ठळक’ असं नुसतं बोला. एक काळजी घ्या: चौघांनी बघितलेल्यांची बेरीज करायची नाही, प्रत्येकाने आपापला आकडा ठेवायचा. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी लोकांचे असेच आकडे घेते आणि दीडशेसारखा आकडा त्यांतूनच तयार होतो. पेठ-सुरगाण्याला चांगल्या आकाशाखाली, मध्यरात्रीनंतर, तासाला पन्नास ते नव्वदच्या मध्ये काहीही आलं तर ते बरोबर आहे.

ढगांचं काय? डिसेंबरात अवकाळी येऊन जातं. दुपारी चारला हवामान खात्याचं उपग्रहचित्र बघा, रात्री आठला पुन्हा. अरबी समुद्रावरून ढगांचा पट्टा आत सरकत असेल तर जाऊ नका; १३ ची रात्र अशी गेली तर १४ ला या. १५ च्या रात्रीपर्यंत मात्र थांबू नका. शिखर उलटलं की मिथुनच्या उल्का भराभर उतरतात. परतीची घाईही नको. रात्रभर जागून पहाटे चारला घाटात गाडी चालवणं हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग. वाटेत बिनारिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. तिथेच दोन तास झोपा, उजाडल्यावर निघा.

ऑगस्टमधला ययाती तारकासमूहाचा (पर्सिड) वर्षाव इंटरनेटवर फार गाजतो, पण तो आपल्यासाठी नाही. ऐन पावसाळा. २०२६ ला १२ ऑगस्टला नेमकी अमावस्या, म्हणजे कागदावर उत्तम योग, आणि नाशिकच्या आकाशात त्या दिवसांत बहुतेक ढगच. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहाटे तीननंतर हॅलेच्या धुळीचा एक वर्षाव येतो, तो आपल्या अक्षांशावरून बरा दिसतो आणि थंडी नसते. चंद्र नसेल त्या वर्षी जाऊन बघा. मिथुनसाठी २०२७ सोडून द्या, १३ डिसेंबरला पौर्णिमा आहे. २०२८ ला १६ डिसेंबरला अमावस्या येते, तेव्हा पुन्हा चंद्राविना रात्र मिळेल. यंदा ज्यांच्या खळ्यावर जाल त्यांना निघतानाच तेव्हाचं सांगून ठेवा.